नवा लॅपटॉप डोमेनला जोडताना आलेल्या अडचणी आणि सोलापुरातील एका संगणकसेवेचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्यात हिशेब, साठा आणि निर्यात या विभागांचे सर्व संगणक एका विंडोज सर्व्हरवरील अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (संगणकांची आणि वापरकर्त्यांची खाती एकत्र सांभाळणाऱ्या यंत्रणेला) जोडलेले आहेत, मात्र त्यांची देखभाल करणारा स्वतंत्र माणूस कारखान्यात नाही. निर्यात विभागासाठी घेतलेल्या नव्या लॅपटॉपवर लॉगिन होईना, तेव्हा शहरातील एका लहान संगणकसेवेच्या तंत्रज्ञाला बोलावले. काम चोख झाले. तरीही दोन गोष्टींबाबत आमची तक्रार आहे.

पहिला अडथळा विक्रेत्याच्या पातळीवरचा होता. मागणीपत्रात विंडोजची प्रो आवृत्ती लिहिलेली असताना होम आवृत्तीचा लॅपटॉप हाती पडला होता, आणि होम आवृत्ती डोमेनला (अशा डिरेक्टरीने एकत्र बांधलेल्या संगणकांच्या गटाला) जोडताच येत नाही. प्रोचा परवाना विकत घेऊन त्याची की घातली की काम होते, फॉरमॅट करावे लागत नाही, हे तंत्रज्ञाने फोनवरच सांगितले. त्यामुळे त्याची पहिली फेरी वाचली.

प्रो आवृत्ती आल्यावरही ‘डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही’ हा (म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर सापडत नाही असा) संदेश येतच राहिला. आमच्या लेखापालांनी वापरकर्त्याचा पासवर्ड बदलून पाहू असे सुचवले, त्यावर तंत्रज्ञ म्हणाला, ‘साहेब, पासवर्डचं नंतर बघू. आधी ह्याला सर्व्हर सापडतोय का ते बघू.’ त्याने काळ्या पडद्यावर एनएसलुकअप ही आज्ञा देऊन डोमेनचे नाव विचारले, तेव्हा उत्तर आमच्या सर्व्हरकडून न येता इंटरनेट कंपनीच्या राउटरकडून आले, आणि तेही ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे. डोमेन कंट्रोलर कुठे आहे याचा पत्ता लॅपटॉप डीएनएसमधील (नावावरून संगणकाचा पत्ता सांगणाऱ्या सेवेतील) विशिष्ट नोंदींवरून शोधतो आणि आमच्या डोमेनच्या त्या नोंदी केवळ आमच्या सर्व्हरवरील डीएनएसमध्ये आहेत. बाहेरच्या डीएनएसला आमचे अंतर्गत नाव माहीत असण्याचे कारणच नाही. इतर संगणकांवर पूर्वी कोणीतरी ‘इंटरनेट बंद पडू नये’ म्हणून दुसऱ्या क्रमांकावर चार आठांचा (8.8.8.8) सार्वजनिक डीएनएस घालून ठेवला होता, तोही त्याने काढायला लावला. पहिल्याकडून उत्तराला उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे वळते आणि मग अधूनमधून लॉगिन अडकते, या त्याच्या खुलाशाने हिशेब विभागाच्या एका जुन्या कुरबुरीचाही उलगडा झाला.

घड्याळाची गोष्ट तर आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नसती. पडद्याच्या कोपऱ्यातील वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होती, परंतु लॅपटॉपचा कालविभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला होता आणि कोणीतरी वेळ हाताने पुढे करून ती बरोबर दिसेल अशी केली होती. ओळख पटवणारी केर्बेरोस ही पद्धत जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि तिला मूळ मांडणीत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमचा फरक बारा तासांहून अधिक होता. कालविभाग भारताचा करून वेळ सर्व्हरशी जुळवताच हा प्रश्न मिटला.

या तंत्रज्ञाची खरी कसोटी संगणकाच्या नावावर लागली. निर्यात कागदपत्रांच्या सॉफ्टवेअरचा परवाना संगणकाच्या नावाशी बांधलेला असल्यामुळे नव्या लॅपटॉपला बाद झालेल्या लॅपटॉपचेच नाव देणे आम्हाला भाग होते. त्या नावाचे खाते डिरेक्टरीत आधीच असल्याने सुरक्षा धोरणाचे कारण देऊन जोडणी नाकारली गेली. ऑक्टोबर 2022 च्या अद्यतनांपासून, जुने खाते ज्याने तयार केले त्यानेच पुन्हा जोडणी केली, किंवा ते खाते मुळात डोमेन प्रशासकाने तयार केलेले असले, तरच विंडोज मूळ मांडणीत असा पुनर्वापर होऊ देते. आमचे जुने खाते नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या नावे तयार झाले होते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत) एक नोंद करून ही अडवणूक टाळण्याचा सल्ला इंटरनेटवर अजूनही सापडतो, पण पुढच्या अद्यतनांनी ती पळवाट बंद केली आहे, आणि तंत्रज्ञ तिच्या वाटेला गेलाही नाही. जुने खाते सरळ पुसण्यापूर्वी त्याने विचारले, ‘जुन्या लॅपटॉपची डिस्क अजून लागणार आहे का?’ डिस्क कपाटात होती, तिच्यावर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेला होता आणि तिची पुनर्प्राप्ती की डिरेक्टरीत त्याच संगणकखात्याखाली साठवलेली होती. खाते पुसले असते तर कीही त्याबरोबर गेली असती. की उतरवून घेऊन आणि तिने डिस्क उघडते याची खात्री करूनच त्याने खाते काढले. एवढ्या एका प्रश्नासाठीसुद्धा त्याचे शुल्क वसूल झाले असे आम्ही मानतो.

जाताना त्याने निर्यात अधिकाऱ्यांना कार्यालयात केबल जोडून एकदा लॉगिन करायला लावले. हे टाळून लॅपटॉप थेट जुळे सोलापूरला घरी गेला असता तर तिथे पुन्हा अडले असते, कारण त्या वापरकर्त्याचे पहिले लॉगिन सर्व्हरसमोरच व्हावे लागते. त्यानंतर विंडोज त्याची खूण जपून ठेवते (मूळ मांडणीत अलीकडच्या दहा वापरकर्त्यांची) आणि सर्व्हर आवाक्यात नसतानाही आत घेते.

आता तक्रारी. जोडणी करण्यासाठी त्याने मुख्य प्रशासकाचा पासवर्ड नव्या लॅपटॉपवर टाइप करायला सांगितला. केवळ संगणक जोडण्यापुरते अधिकार असलेले वेगळे खाते काही मिनिटांत तयार करता येते, आणि ज्या यंत्राची अजून पारख झालेली नाही त्यावर मुख्य पासवर्ड कधीही वापरू नये. दुसरी तक्रार कागदाची आहे: काय बदलले, कोणत्या संगणकावर बदलले, याची लेखी नोंद मागूनही मिळाली नाही आणि पावतीवर फक्त ‘लॅपटॉप सेटिंग’ एवढेच लिहिलेले होते. शुल्क मात्र आधी सांगितले तेवढेच घेतले.

वार्षिक देखभालीचा करार याच सेवेला देण्याचे ठरले आहे. जोडणीसाठी मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते वापरावे आणि प्रत्येक भेटीनंतर बदलांची नोंद सहीसह द्यावी, या दोन अटी करारपत्रात लिहून घेतल्या आहेत. पहिली अट त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर अजून बोलणी चालू आहेत.