जुनं खाणगाव सांभाळायचं कसं? बोडी, कॅलिको आणि व्हर्जिनिया सिटी

अमेरिकेच्या पश्चिमेकडचं ओसाड खाणगाव एखाद्या संस्थेच्या ताब्यात आलं, की पहिला वाद ठरलेला: आहे तसं राखायचं की पुन्हा उभं करायचं? तीन गावांनी याची तीन उत्तरं दिली आहेत.

कॅलिफोर्नियातलं बोडी १९६२ पासून राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. तिथला नियम एवढाच, की घर पडू द्यायचं नाही आणि नवंही करायचं नाही. छपरातून पाणी आत येऊ लागलं तर छप्पर दुरुस्त होतं, कललेल्या भिंतीला टेकू मिळतो. पण उन्हाने काळवंडलेल्या फळ्यांना रंग लागत नाही. काचेतून आत डोकावलं तर दुकानाच्या फळ्यांवर जुना माल धुळीसकट तसाच दिसतो. हे पाहून अनेकांना वाटतं, काही करायचंच नाही म्हणजे खर्चही नाही. माझ्या मते हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. गाव ८,३०० फुटांहून उंचावर आहे, हिवाळ्यात बर्फाने वेढलेलं असतं. जुनं लाकूड जुनंच दिसेल अशी डागडुजी करायला नवं घर बांधण्यापेक्षा जास्त कसब लागतं, आणि ती दरवर्षी करावी लागते. शिवाय चोरी होऊ नये म्हणून बारमाही राखण हवी.

कॅलिफोर्नियातल्याच कॅलिकोची तऱ्हा उलटी. १८८१ मध्ये चांदीमुळे वसलेलं हे गाव १९५१ मध्ये ‘नॉट्स बेरी फार्म’ या करमणूक उद्यानाचे संस्थापक वॉल्टर नॉट यांनी विकत घेतलं, जुने फोटो पाहून बरंचसं नव्याने बांधलं आणि १९६६ मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, देऊन टाकलं. मूळच्या इमारती मोजक्याच आहेत. मुलं खूश होतात, दुकानं चालतात, तिकीटही खपतं. पण अस्सल काय आणि नक्कल काय, हे पाहुण्याला कळेनासं होतं. एकदा पुसलेलं मूळ परत मिळत नाही, म्हणून मी हा मार्ग सुचवणार नाही. जिथे जोत्याखेरीज काहीच उरलेलं नाही, तिथली गोष्ट वेगळी. मात्र नव्या भिंतीवर ती नवी असल्याची पाटी हवीच.

माँटानातल्या व्हर्जिनिया सिटीत माणसं आजही राहतात. १८६३ च्या सोन्याने वसलेल्या या गावातल्या इमारती जुन्या वास्तूंचे संग्राहक चार्ल्स बोव्ही यांनी १९४० च्या दशकापासून घेऊन जपल्या. १९९७ मध्ये राज्याने त्या ६५ लाख डॉलरला खरेदी केल्या. वस्ती असेल तर हाच रस्ता धरा: घरांत चूल पेटती राहते, गळती लगेच लक्षात येते. भांडणंही होतात, खिडकी बदलण्यापासून गाड्या कुठे लावायच्या इथपर्यंत, त्यामुळे नियम आधीच लिहून ठेवलेले बरे.

वस्ती नसेल आणि मूळ घरं शाबूत असतील, तर बोडीचाच मार्ग घ्या. फक्त वर्षानुवर्षं पुरेल असा दुरुस्तीनिधी आणि मुक्कामी माणसं यांची सोय आधी लावा. आणि काहीही ठरवण्यापूर्वी खाणीच्या गाळाची, मातीची तपासणी करून घ्या. खाणीतला दगड दळून सोनं काढणाऱ्या गिरण्यांत पारा, सायनाइड अशी विषारी द्रव्यं वापरली जात. अहवाल वाईट आला तर लोकांना कुठवर जाऊ द्यायचं, हे त्यावरूनच ठरेल.