चार चाकांची बॅग, आठ महिने आणि आई-नानांची पहिली सहल

ही बॅग मी गेल्या दसऱ्याच्या सवलतीत नाशिकच्या मेन रोडवरील एका दुकानातून घेतली. कडक कवचाची, चार फिरत्या चाकांची, एक मोठी आणि एक छोटी अशी जोडी ३,४०० रुपयांना मिळाली. तिची क्षमता, कुलपाचा प्रकार, आतले कप्पे या गोष्टी खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने पेटीवर वाचलेल्याच असतात, म्हणून त्यांची पुनरुक्ती करत नाही. मला लिहायचे आहे ते तिच्या चाकांविषयी. आठ महिन्यांत तीन सहली झाल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, ज्यांनी आयुष्यात कधी सहल केलेली नाही अशा माणसांच्या पहिल्या सहलीचा खर्च आणि त्यांचे सुख ही दोन्ही निवडलेल्या ठिकाणापेक्षा हातातल्या सामानावर अधिक अवलंबून असतात.

माझे आई-वडील प्रवासच करत नाहीत असे नव्हे. वणीच्या गडावर, त्र्यंबकेश्वरी, पंढरपुरात ते अनेकदा गेले आहेत आणि लग्नकार्यांसाठी धुळे-जळगावपर्यंतही त्यांचे जाणे झाले आहे. परंतु त्या सर्व प्रवासांत रात्रीचा मुक्काम एक तर नातेवाइकांकडे किंवा भक्तनिवासात असे. वडिलांनी, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे पाळ्यांमध्ये काम केले. पैसे देऊन खोली घ्यायची आणि केवळ एखादी जागा पाहण्यासाठी तेथे दोन दिवस राहायचे, हे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांच्या वाट्याला आले नव्हते. लॉजवर काय मिळते आणि काय मिळत नाही याची कल्पना नसल्यामुळे आईने घर सोडताना लागेल ते सर्व बरोबर घेतले. दोन सोलापुरी चादरी, उशीचे अभ्रे, तांब्या-भांडे, दशम्या, चिवडा, चटणीची बरणी, अंघोळीचा साबण आणि कपडे धुण्याचा साबणही. बॅग मोठी होती आणि तिला चाके होती, त्यामुळे मीही तिला अडवले नाही. मोठी बॅग १९ किलो, छोटी ९ किलो आणि कापडी पिशवी ३ किलो, असे तिघांचे ३१ किलो सामान झाले.

ठिकाण निवडताना मात्र मी पुष्कळ विचार केला होता आणि तो विचार योग्य ठरला. भाषा बदलू नये, जेवण अनोळखी नसावे, वाटेत गाडी बदलावी लागू नये आणि मुक्काम एकाच जागी असावा, या चार अटी लावल्या की नाशिककरांसाठी छत्रपती संभाजीनगर आणि वेरूळ हे पहिले नाव समोर येते. नाशिकरोडहून मनमाडमार्गे थेट गाड्या आहेत, शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळला एसटी मिळते, अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे, आणि लेण्यांपासून अगदी जवळ घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग असल्यामुळे देवदर्शनाशिवाय घराबाहेर पडण्याची सवय नसलेल्या आईलाही हा प्रवास आपलासा वाटला. चूक होता होता राहिली ती वारांची. आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या स्वस्त मिळतात म्हणून मी सोमवार ते बुधवार अशी खोली घेणार होते. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात हे ऐन वेळी लक्षात आले आणि मी बेत बुधवार ते शुक्रवार असा हलवला. खोली घेण्यापूर्वी तिकीट खिडकी कोणत्या वारी उघडी असते हे पाहणे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून ते येथे मुद्दाम लिहीत आहे.

आता चाकांकडे येते. दुकानातील गुळगुळीत फरशीवर ही बॅग एका बोटाने ढकलता येत होती. सिडकोतल्या आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या तीनशे पावलांतच तिचे खरे रूप दिसले. खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर ती सरळ उभी राहून चालत नाही. तिरकी करून ओढावी तर चारांपैकी दोनच चाके जमिनीला टेकतात आणि तीही आडवी फिरतात. या सामानानिशी शहर बसमध्ये चढणे अशक्य, म्हणून स्थानकापर्यंत रिक्षा केली. पुलाच्या पायऱ्यांवर चाकांचा उपयोग शून्य, म्हणून हमाल केला. छत्रपती संभाजीनगरला उतरल्यावर पुन्हा तेच, आणि लॉज स्थानकापासून एक किलोमीटरच्या आत असूनही पुन्हा रिक्षा. परत आल्यावर मी हिशेब मांडला, तेव्हा तिघांच्या एकूण ९,६४० रुपयांपैकी १,१५० रुपये केवळ सामान हलवण्यासाठी गेले होते. वेरूळला आमच्याकडून भारतीय पर्यटकांसाठीचे माणशी ४० रुपये तिकीट घेतले गेले. म्हणजे सामान हलवण्याच्या खर्चात आम्ही तिघांनी ती लेणी नऊ वेळा पाहिली असती.

लेण्यांविषयी एवढेच सांगते की सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले आहे हे कळल्यावर नाना बराच वेळ वर पाहत उभे राहिले. आयुष्यभर लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, काम केलेल्या माणसाला, जास्तीचा कापलेला भाग परत जोडता येत नाही, याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ३४ लेण्यांपैकी आम्ही सातच पाहिली आणि त्याची कोणालाही खंत वाटली नाही. आईने नेलेल्या चादरी बॅगेतून बाहेरही निघाल्या नाहीत, कारण लॉजवर स्वच्छ चादरी होत्या.

परतीच्या दिवशी आमच्याच गल्लीत, खोदून बुजवलेल्या चरावरून जाताना मोठ्या बॅगेचे मागचे डावे चाक आसासकट निखळले. बॅग घेऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि हमीपत्रावर पाच वर्षे लिहिलेली होती. दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीच्या दूरध्वनीवरील व्यक्तीने सांगितले की हमी निर्मितीदोषांसाठी आहे आणि चाकांची झीज तिच्यात मोडत नाही. मला संताप आला तो या शब्दाचा. घर ते रस्ता, फलाट, लॉजचा बोळ असे सारे अंतर मी मोजले, तर ते चाक जेमतेम दीड किलोमीटर फिरले होते. चाकाचा रबर नव्यासारखा होता; रिव्हेट सुटून आस बाहेर आला होता. झिजणे वेगळे आणि निखळणे वेगळे. छायाचित्रे जोडून हे मी तीनदा लिहून कळवले आणि तिन्ही वेळा मला तेच ठरावीक उत्तर आले. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्यानंतर कंपनीकडून प्रथमच माणसाने लिहिलेले उत्तर आले. एकूण सत्तेचाळीस दिवसांनी कुरिअरने एक चाक आणि दोन स्क्रू घरी पोहोचले. नवे चाक जुन्यांपेक्षा किंचित उंच असल्यामुळे बॅग सतत उजवीकडे वळू लागली.

पहिल्या सहलीविषयीचा येथपर्यंतचा मजकूर मी जानेवारीत लिहून ठेवला होता आणि त्याखाली एकच तारा दिला होता. पुढच्या दोन सहलींनंतर त्यात बदल करणे मला आवश्यक वाटते.

बॅग नादुरुस्त होती त्याच काळात नानांनी स्वतःहून विचारले की आता पुन्हा कुठे जायचे. हा प्रश्न त्यांच्या तोंडून येईल असे मला वाटले नव्हते. आम्ही भंडारदऱ्याचा दोन रात्रींचा बेत केला आणि बॅग नाही म्हणून प्रत्येकाने खांद्यावर एक सॅक घेतली. एक जास्तीचा जोड, गरम कपडे, टॉवेल, औषधे, पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ यांपलीकडे काही न्यायचे नाही असे ठरले. खोलीत चादरी, ब्लँकेट आणि गरम पाणी मिळेल का, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, एवढे मी आधी फोन करून विचारून घेतले आणि ते आईला सांगितले. ती हट्टाने नव्हे, तर माहितीअभावी घर बरोबर नेत होती, हे मला तेव्हा कळले. त्या एका फोनने तिच्या सामानातील निम्मे वजन कमी झाले. तिघांचे मिळून १४ किलो भरले.

या प्रवासात आम्हाला रिक्षा लागली नाही आणि हमालही लागला नाही. नाशिकहून घोटीपर्यंत एसटी, तेथून भंडारदऱ्यालगतच्या शेंडी गावापर्यंत दुसरी गाडी, आणि उतरल्यावर खोलीपर्यंत पायी. गाडी बदलू नये ही माझी पहिल्या सहलीची अट येथे मोडली, परंतु हात मोकळे असल्यामुळे कोणालाही त्याचा त्रास झाला नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच, त्यामुळे आम्हा तिघांपैकी एकालाही पूर्ण तिकीट काढावे लागले नाही. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. याउलट रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, म्हणून आई-वडिलांना प्रथमच बाहेर नेणाऱ्यांनी पहिली एक-दोन ठिकाणे महाराष्ट्रातच शोधावीत असे मी आग्रहाने सांगेन. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या भिंतीकडे पाहत आम्ही एक अख्खी संध्याकाळ काहीही न करता घालवली. मुद्दाम अमुक एक पाहिले पाहिजे अशी घाई नव्हती. आई पाण्याच्या कडेला बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. परतताना ती म्हणाली की या वेळी आल्यासारखे वाटले.

तेथून आल्यावर मी बॅग भद्रकालीतील एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. त्यांनी चारही चाके काढून जरा मोठ्या व्यासाची, जाड आसाची चाके २८० रुपयांत बसवून दिली. काम करताना ते म्हणाले, “ताई, या चाकांना फरशी लागते. आपल्या रस्त्याला दोन चाकांचीच बॅग घ्यायची.” मग त्यांनी मला दोन्ही प्रकार शेजारी ठेवून दाखवले. दोन चाकांच्या बॅगेत चाके स्थिर आणि अर्धी कवचाच्या आत असतात, बॅग तिरकी करताच वजनाचा काही भाग हात पेलतो आणि खड्ड्याचा धक्का थेट आसावर येत नाही. चार फिरत्या चाकांत मात्र प्रत्येक चाक बाहेर लोंबते आणि उभ्या बॅगेचे सगळे वजन चाक धरून ठेवणाऱ्या लहानशा काट्यांवर येते. विमानतळावर ते सोयीचे आहे. आमच्या तिन्ही सहलींच्या वाटेवर विमानतळ नव्हता.

मार्चमध्ये पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो, तेव्हा फक्त छोटी बॅग बरोबर नेली आणि तिने काम चोख केले. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात हे या वेळी नानांनीच मला फोनवर पाहून सांगितले. छोट्या बॅगेचे कुलूप, चेन आणि आतली जाळी यांविषयी माझी आजवर काहीही तक्रार नाही. त्यामुळे छोटीला तीन तारे देते. मोठीचा एकच तारा कायम ठेवते, आणि त्याचे कारण आता केवळ निखळलेले चाक नाही: तिच्यात १९ किलो सामान मावते, आणि मावते म्हणून नवखा माणूस ते भरतो. जोडीच्या किमतीला भुलून मी ती घेतली. त्याच पैशांत तीन चांगल्या सॅक आल्या असत्या आणि बहुधा थोडे पैसे शिल्लकही राहिले असते. दुकानात विचारणाऱ्यांनी ‘किती मावते’ असे न विचारता रिकामी बॅग एका हाताने उचलून दुकानाची पायरी चढून पाहावी. मी ते केले नाही.

कंपनीने ‘तक्रार निकाली’ असा संदेश पाठवला आहे, त्याला मी असहमती नोंदवली आहे आणि चाकाच्या उंचीतील फरक मोजपट्टीसह कळवला आहे. उत्तर आले तर ते येथेच खाली जोडीन. मोठी बॅग सध्या आईच्या पलंगाखाली आहे आणि तिच्यात त्या सोलापुरी चादरी ठेवल्या आहेत. पुढचा बेत पावसाळा स्थिरावल्यावर अजिंठ्याचा आहे, अर्थातच सोमवार टाळून. काल आईने तिची सॅक आत्ताच भरून वजनकाट्यावर ठेवून पाहिली. काटा ५ किलो २०० ग्रॅमवर थांबला, तेव्हा तिने चटणीची बरणी बाहेर काढली आणि पुन्हा वजन केले.