फॅन्सी शेप हिरा आणि तो शोधून देणारा डीलर : माझा रिव्ह्यू

राउंड म्हणजे गोल हिरा घेणं त्यामानाने सोपं, लॅबच्या रिपोर्टवर कट ग्रेड (तो किती चांगला कापलाय त्याचा दर्जा) छापलेली असते, एक्सलंट दिसलं की निदान सुरुवात तरी होते. ओव्हल, पेअर, मार्कीज, कुशन, एमराल्ड असलं काही, म्हणजे गोल सोडून कुठलाही फॅन्सी शेप घ्यायला गेलात की तो आधारच जातो. जीआयए ही हिरे तपासणारी लॅब २००६ पासून कट ग्रेड देते ती स्टँडर्ड राउंड ब्रिलियंटला, फॅन्सी शेपच्या साध्या रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्री एवढंच येतं, आणि ही दोन्ही एक्सलंट असलेला ओव्हल मधोमध काळा पडलेला असू शकतो. मी असे बघितलेत, चांगले महागातले. म्हणून हा रिव्ह्यू हिऱ्यापेक्षा डीलरच्या कामाचा जास्त आहे. मी ज्यांच्याकडून आधी माझा ओव्हल आणि नंतर बहिणीचा चौकोनी अ‍ॅशर घेतला ते छोटे डीलर आहेत, मोठा स्टॉक ठेवत नाहीत, मोजक्या कारागिरांकडून माल घेतात. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण सांगायचंय ते कामाच्या पद्धतीबद्दल आणि ती पद्धत तुम्हाला कुठल्याही डीलरकडे तपासून बघता येईल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, ऑनलाइन जी हजारो हिऱ्यांची यादी दिसते त्यातले बरेचसे हिरे त्या विक्रेत्याकडे नसतातच, माल कारखानदाराकडे असतो आणि तीच यादी पाच-दहा जण आपापल्या नावाने दाखवतात. विक्रेत्याने तो हिरा डोळ्यांनी बघितलेलाच नसतो. राउंडमध्ये हे एकवेळ चालून जातं, फॅन्सीमध्ये मला तरी अजिबात पटत नाही. आमचे डीलरसुद्धा सुरुवात यादीवरूनच करतात, पण आकडे फक्त नकार द्यायला वापरतात. गर्डल (हिऱ्याची कड) फार जाड, खोली (वरून तळापर्यंतचं अंतर) जास्त, ओव्हलचं लांबी-रुंदीचं प्रमाण १.३५ ते १.५० च्या फारच बाहेर, की बाद. उरलेल्यांचे व्हिडिओ मागवतात, त्यातले बरे वाटतील ते जांगडवर, म्हणजे पसंत पडला तरच घ्यायचा या बोलीवर आणतात, आणि समोर ठेवून बघितल्यावर त्यातलेही बहुतेक परत पाठवतात. मला तर आधी वाटलं की हे उगाच नखरे करतायत. मग त्यांनी सारख्याच आकड्यांचे दोन ओव्हल शेजारी ठेवले, टेबल (वरचा सपाट पैलू) तेच, खोली तीच, प्रमाण जवळपास तेच, आणि एक सगळीकडून खेळता उजेड देत होता तर दुसऱ्याच्या पोटात काळा बो-टाय (त्या टायच्या आकाराचा आडवा काळा डाग) असा बसलेला की हात हलवला तरी हलेना.

हा बो-टाय का येतो ते त्यांनी फार छान समजावलं. ओव्हलचा तळ एकाच जागी मिळतो, म्हणजे खोली एकच, पण लांबी रुंदीपेक्षा जास्त, त्यामुळे खालच्या बाजूचा उतार रुंदीच्या दिशेला तीव्र आणि लांबीच्या दिशेला मंद होणार, हे टळत नाही. मधल्या भागातले काही पैलू अशा कोनात येतात की ते बघणाऱ्याच्या डोक्याच्या दिशेचाच उजेड परत देतात, आणि डोकं तर उजेड अडवून उभं असतं, म्हणून तिथे काळं दिसतं. थोडासा बो-टाय जवळजवळ प्रत्येक ओव्हल, पेअर, मार्कीजमध्ये असतोच आणि तो हिरा हलवल्यावर चमकून उठत असेल तर उलट छान दिसतो, उठाव येतो. चांगला कारागीर पैलूंचे कोन थोडे थोडे बदलत नेऊन तो फोडतो. राउंडचं गणित मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्येच मांडून ठेवलंय, एक क्राउन अँगल (वरच्या भागाचा कोन), एक पॅव्हिलियन अँगल (खालच्या भागाचा). ओव्हलला अशी एक पाककृती नाही, प्रत्येक दगडाला हात आणि डोळा लागतो. शिवाय गोल हिरा फिरवत घासला की गोल होतो, पेअरचे दोन खांदे एकसारखे आणायला आणि बाजू सपाट न पडू देता टोकापर्यंत न्यायला कोणीतरी मन लावून बसावंच लागतं.

आता खरा मुद्दा, की असे कारागीर असतात तर मग चांगले कापलेले फॅन्सी एवढे कमी का मिळतात? कारण वजन. कच्चा हिरा आधी स्कॅन होतो, सॉफ्टवेअर आतले डाग, आकार सगळं धरून कशातून किती वजन सुटेल ते दाखवतं, आणि फॅन्सी शेप बऱ्याचदा निवडला जातो तोच मुळी कच्चा माल लांबट किंवा चपटा असतो आणि त्यातून राउंड काढला तर फार वाया जाईल म्हणून. एकदा वजन वाचवायच्याच हेतूने आकार निवडला की पुढचं सगळं त्याच वाटेने जातं, गर्डल जाड ठेवा, पोट फुगवा, खांदे रुंद राहू द्या. त्यात कॅरेटच्या पायऱ्या. १.०१ कॅरेटचा बेढब ओव्हल आणि तोच नीट कापून ०.९६ झालेला देखणा ओव्हल, बाजारात पहिल्याला भाव चांगला मिळायची शक्यता जास्त, कारण यादीत शोधणारा माणूस १ च्या वरच शोधत असतो. कारागिराला कळत नाही असं नाही हो, त्याला पक्कं कळतं, पण ते वजन उडवायचे पैसे त्याला कोण देणार?

आमच्या डीलरचं काम इथे आहे आणि मला ते मनापासून आवडलं. ते त्या मोजक्या कारागिरांना आधीच सांगून ठेवतात की मला हे असं हवंय, वजन गेलं तरी चालेल, गेलेल्या वजनाचा हिशेब भावात धरून मी घेतो. आणि शब्द दिला की घेतात, मग ऐनवेळी घासाघीस नाही. त्यामुळे असा एखादा दगड तयार होत आला की तो सार्वजनिक यादीवर जायच्या आधी यांना फोन येतो. वर्षानुवर्षं हे पाळल्याशिवाय असा फोन येत नाही. भावाचंही बघा, रॅपापोर्टचं जे भावपत्रक सगळा धंदा वापरतो त्यात राउंड आणि पेअर एवढंच असतं, बाकीचे फॅन्सी शेप पेअरच्या तक्त्यावरून अंदाजाने लावतात आणि कटचा दर्जा त्या तक्त्यात कुठेच नाही, म्हणजे चांगल्या कामाचं मोल शेवटी दोन माणसांच्या बोलण्यातूनच ठरतं. डीलरला स्वतःला कट कळत नसेल तर तो हे बोलणं करूच शकत नाही.

बहिणीच्या अ‍ॅशरच्या वेळी हे जवळून बघायला मिळालं. अ‍ॅशर म्हणजे स्टेप कट, १९०२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या जोसेफ अ‍ॅशरने काढलेला, यात पैलू पायऱ्यांसारखे समांतर उतरतात आणि काही लपत नाही, पायरी जराशी तिरकी गेली तरी दिसते, आतला डागही खिडकीतून बघावा तसा दिसतो. म्हणून त्यांनी क्लॅरिटी (आतल्या डागांची ग्रेड) व्हीएसच्या खाली जाऊ नका म्हणून स्पष्ट सांगितलं, ओव्हलला मात्र त्याच्या खालची एसआय चालेल म्हणाले होते, डाग मधोमध नसला म्हणजे झालं. पहिला आलेला अ‍ॅशर मला सुंदर वाटला होता, त्यांनी कोपरे दाखवले, तीन सारखे कापलेले आणि चौथा अरुंद, त्यामुळे टेबलातून दिसणारी ती चौकोनात चौकोन अशी रचना एका बाजूला ओढली गेली होती. कारागिराकडे परत गेला, कोपरा दुरुस्त होऊन आला, वजन किंचित कमी झालं, त्याबद्दल आमच्याकडून वेगळं काही मागितलं नाही.

फोटोंच्या बाबतीत सांगते. त्यांनी साधा व्हिडिओ, ऑफिसच्या उजेडातला आणि खिडकीजवळचा असे दोन्ही पाठवले, दुकानी स्पॉटलाइटखालचा एकही नाही, ते मला फार आवडलं कारण स्पॉटलाइटखाली काचसुद्धा चमकते. अ‍ॅसेट इमेज (हिऱ्यात उजेड कुठून येतो ते रंगांत दाखवणारा फोटो) मात्र मागितल्यावरच आली, आपणहून पाठवायला हवी होती असं माझं मत. त्यात लाल म्हणजे वरच्या बाजूने येणारा जोरकस उजेड, हिरवा म्हणजे कडेचा मंद उजेड, निळा म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याची सावली, आणि पांढरं किंवा काळं दिसतं तिथून उजेड खालून निसटतोय. ओव्हलमध्ये राउंडसारखं लालभडक चित्र शोधत बसू नका, लाल-हिरव्याची नीट वाटणी आणि निळा एकाच जागी न साचलेला, एवढं बघा. एजीएसची (अमेरिकन जेम सोसायटीची) लॅब काही फॅन्सी शेपना उजेडावरून ग्रेड द्यायची, ती २०२२ अखेर बंद झाली आणि तिचा आयडियल रिपोर्ट आता जीआयए आपल्या रिपोर्टला जोड म्हणून देते, पण सगळे कारखानदार तो काढत नाहीत, त्यामुळे यादी त्यावरच गाळलीत तर कितीतरी चांगले दगड हातचे जातील.

न आवडलेलं पण लिहिते. वेळ फार लागतो, तारीख ठरलेली असेल तर आधीच मोकळेपणाने सांगा, कारण त्यांना मनासारखा दगड मिळेपर्यंत ते दाखवतच नाहीत आणि मध्ये फोनही करत नाहीत. यादीवरच्या तेवढ्याच वजनाच्या, तेवढ्याच रंगाच्या हिऱ्यापेक्षा भाव जास्त पडतो. कुशनमध्ये त्यांची आवड मोठ्या ठसठशीत पैलूंची आहे, तुम्हाला बर्फाच्या चुऱ्यासारखी बारीक चमक आवडत असेल तर ते नाक मुरडतात, खरं तर ती आवडीची बाब आहे आणि तिथे त्यांनी गिऱ्हाइकाचं ऐकावं. परत करायची मुदत बिलावर लिहून घ्या, त्यांनी दिली पण विचारल्यावर. आणि पेअर किंवा मार्कीज घेणार असाल तर टोकाजवळचं गर्डल किती बारीक आहे ते त्यांच्याकडून भिंगाखाली बघून घ्या आणि दागिना घडवताना टोकाला व्ही आकाराची पकड करणारा कारागीरच निवडा, टोक तिथेच तुटतं आणि तुटलं की दुरुस्तीत वजनही जातं आणि आकारही.