जुन्या ट्रॅक्टरला नवी बॅटरी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमचा महिंद्रा २६५ डीआय बाबांनी घेतला तेव्हा मी शाळेत होतो. तीन सिलिंडर, ३० एचपी. मनोरीतल्या आमच्या भाताच्या आणि भाजीच्या जमिनीला त्याहून मोठा ट्रॅक्टर कधी लागला नाही. इतक्या वर्षांत इंजिन एकदाच खोललं. छळलं ते बॅटरीने. पाच वर्षांत तीन बदलल्या. तिसरी चौदा महिन्यांतच बसली, तेव्हा ठरवलं की आता कारण सापडल्याशिवाय चौथीला पैसे घालायचे नाहीत. चौथी गेल्या एप्रिलमध्ये बसवली. तिच्यावर एक चिखलणी, सगळा पावसाळा आणि भाजीचा हंगाम निघाला, म्हणून आता लिहितोय.

आधी तिसरीबद्दल, कारण शिकलो तिच्यामुळेच. ती कारची सीलबंद, मेंटेनन्स-फ्री बॅटरी होती. दुकानात "व्होल्ट तेच, चालेल" असं सांगितलं आणि मी घेतली. ट्रेमध्ये ती लहान पडत होती, म्हणून बाजूला लाकडाचा ठोकळा घातला. कारला स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर असतात, ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याला तसलं काही नसतं. बांधावरून उतरताना बसणारा प्रत्येक दणका बॅटरीपर्यंत पोचतो. प्लेटांवरचा लेप सुटतो, तळाशी साचतो आणि शेवटी आतल्या आत शॉर्ट होतो. बॅटरी हलत असेल तर हे फार लवकर घडतं.

पण सगळा दोष तिचा नव्हता. इंजिन मध्यम रेसवर ठेवून टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, तर १५.३ व्होल्ट! चार्जिंग साधारण १३.८ ते १४.४ च्या मध्ये हवं. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला होता आणि बॅटरी महिनोन्‌महिने आतून उकळत होती. सीलबंद असल्यामुळे पाणी किती आटलं ते दिसत नव्हतं आणि भरायचीही सोय नव्हती. रेग्युलेटर बदलल्यावर आकडा १४.१ वर आला.

तिसरी गोष्ट अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह खांब ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणाऱ्या केबलची. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात निम्म्या जुन्या ट्रॅक्टरांचं दुखणं हेच असावं असं मला वाटतं. आमच्याकडे खारी हवा बारा महिने. बाहेरून केबल धडधाकट दिसत होती. थिंबलजवळ (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळ) रबर चिरलं तर आत तांब्याच्या तारांचा हिरवा चुरा झालेला. तपासायची रीत सोपी आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरायची आणि कोणालातरी सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारायला सांगायचा. माझ्या पुतण्याने सेल्फ मारला आणि आकडा आला १.४ व्होल्ट. तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. म्हणजे बॅटरी नवी असो की जुनी, सेल्फला मिळायच्या आधीच दीड व्होल्टच्या आसपास वाटेतच जात होता. केबल बदलली, चॅसिसच्या बोल्टखालचा रंग आणि गंज घासून लोखंड चमकेपर्यंत साफ केलं. परत मोजलं तर ०.२. त्या मरायला टेकलेल्या बॅटरीवरही सेल्फ पूर्वीपेक्षा जोरात फिरला, हे मी स्वतः पाहिलंय. आधीच्या दोन बॅटऱ्याही बहुतेक याच पायी टाकून दिल्या असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग खरेदी. मालाड आणि बोरिवलीतली चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) घ्या म्हणाले, एका ठिकाणी इन्व्हर्टरची ट्यूब्युलर, "पाच वर्षं बघायला नको" म्हणून. ट्यूब्युलर घरच्या इन्व्हर्टरला उत्तम, कारण तिथे थोडा करंट तासन्‌तास लागतो. सेल्फला दोनतीनशे अँपिअर लागतात, पण काही सेकंदच. त्यासाठी पातळ, पुष्कळ प्लेटांची स्टार्टिंग बॅटरीच हवी.

एएचचा हिशेब मी कागदावर मांडला होता. समजा सेल्फ ३०० अँपिअर ओढतोय आणि इंजिन पाच सेकंदांत लागतंय. ३०० गुणिले ५ म्हणजे १५००, भागिले ३६००. अर्धा एएचसुद्धा होत नाही. ७५ एएचच्या बॅटरीतून एका सेल्फला एवढंच जातं. मग सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, त्यात एएच कमी पडण्याचा दोष क्वचितच असतो. चार्जिंग होत नसतं, केबल खात असते किंवा ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा असतो. आमच्या पुस्तिकेत ७५ एएच आहे, मीही ७५ चीच घेतली. मोठी घेतल्याने सेल्फचं नुकसान होत नाही, तेव्हा ट्रेमध्ये बसत असेल तर ८८ घ्यायला हरकत नाही. मी वाचलेले पैसे केबल, क्लॅम्प आणि रेग्युलेटरला घातले. बॅटरीवर सीसीएचा, म्हणजे थंडीत सेल्फला किती करंट देता येतो त्याचा, आकडाही असतो, पण तो उणे १८ अंशांच्या थंडीतला. आपल्या मुंबईत त्याचा उपयोग दोन बॅटऱ्यांची तुलना करण्यापुरता.

शेवटी निवडली ती ट्रॅक्टरसाठीचीच, सहा झाकणांची, पाणी घालता येणारी फ्लॅट प्लेट बॅटरी. जुन्या ट्रॅक्टरला सीलबंद नकोच, असं माझं ठाम मत झालंय. इथे चार्जिंग कधी वरखाली होईल त्याचा भरवसा नाही. पाणी घालायची सोय असली की चूक वेळेत कळते आणि सुधारता येते. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण एक्साइड काय किंवा अमरॉन काय, योग्य प्रकार आणि ताजा माल यांचा फरक नावापेक्षा मोठा पडतो. ताज्या मालावरून दुकानदाराशी थोडा वादही झाला. पुढे ठेवलेली बॅटरी आठ महिन्यांपूर्वी बनलेली होती, ती मी नाकारली. आतून आणलेली दीड महिन्याची निघाली. हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता तपासून घेतली, सगळे १.२४ च्या आसपास. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला तर ती बॅटरी घेऊ नका. पॉझिटिव्ह खांब डावीकडे की उजवीकडे, तेही जुनीशी ताडून पाहा, नाहीतर केबल पोचत नाही.

जुनी परत देऊन साडेसहा हजारांच्या आसपास पडली. जुनी भंगारवाल्याला न देता दुकानातच द्या, शिसं आणि ॲसिड उघड्यावर फोडलं जाऊ नये. घरी आणताना मार्वेची फेरीबोट टाळली. माणसांच्या गर्दीत ॲसिडची बॅटरी नको, म्हणून ओळखीच्या टेम्पोतून भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने उभी ठेवून आणली.

आता वापर. जुलैमध्ये केजव्हील (चिखलासाठीची लोखंडी पट्ट्यांची चाकं) लावून चिखलणी केली. दिवसातून दहाबारा वेळा सेल्फ, अंगावर चिखल, वर पाऊस. एकदाही ढकलावा लागला नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज १०.४ च्या खाली गेलं नाही. साडेनऊच्या खाली जायला लागलं की काळजी करायची. भात लावून झाल्यावर ट्रॅक्टर पाच आठवडे उभा होता. मी निगेटिव्ह केबल काढून ठेवली होती. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाही. सप्टेंबरात मोजलं तर १२.४५ व्होल्ट, आणि पहिल्या सेल्फला चालू. नंतर हिवाळाभर भाजीच्या ट्रॉलीच्या छोट्या फेऱ्या झाल्या. त्यात चार्जिंगला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून महिन्यातून एक रात्र चार्जरवर लावतो.

खटकलेल्या गोष्टीही सांगतो. डबा काळा आहे, पाण्याची पातळी बाहेरून दिसत नाही. दर वेळी झाकण उघडून टॉर्च मारावा लागतो. झाकणांची बारीक भोकं चिखलाने बुजतात. वायू कोंडू नये म्हणून चिखलणीत मी ती रोज संध्याकाळी पुसत होतो. पॉझिटिव्ह टर्मिनलवर ऑक्टोबरात पांढरट बुरशी आली. खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावलं, परत आली नाही. पाणी अकरा महिन्यांत दोनदा घातलं, मिळून अर्धा लिटरही नाही. डिस्टिल्डच घातलं. आमच्याकडे एसीचं गळणारं पाणी जमवून घालतात. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश येतो, तेव्हा वीस-तीस रुपयांसाठी ते करू नका.

गेल्या रविवारी परत मोजलं. रात्रभर उभा असताना १२.६, चालू असताना १४.१, सहाही सेल सारखे. बाबांना आकड्यांत रस नाही. त्यांनी स्वतः सेल्फ मारला, अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं, आणि ते ट्रॅक्टर काढून शेतावर गेले. चुलतभावाच्या ट्रॅक्टरचा सेल्फ आता उचलत नाहीये आणि तो १०० एएचची घ्यायला निघालाय. त्याला म्हटलं, शनिवारपर्यंत थांब, मी मल्टिमीटर घेऊन येतो, आधी तुझी अर्थची केबल बघू.