व्हेनिस: खिडकीतून कालवा दिसत नाही तीच खोली घ्या

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मे २०२५ मध्ये आम्ही दोघंच व्हेनिसला गेलो. पाच रात्री. पहिल्या दोन मेस्त्रेतल्या हॉटेलात, उरलेल्या तीन गावातल्या एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये. ही वाटणी तहाची होती: दोन रात्री ह्यांच्या पसंतीच्या, तीन माझ्या. हा अभिप्राय माझ्या जागेबद्दल आहे, पण पहिलीचं गाऱ्हाणं सांगितल्याशिवाय दुसरीची किंमत कळायची नाही, म्हणून आधी तेच.

मेस्त्रे म्हणजे लांबलचक पुलाच्या अलीकडचं, जमिनीवरचं व्हेनिस. महापालिका एकच, पण इथे रस्ते आहेत, गाड्या आहेत, ट्राम आहे आणि खोल्या स्वस्त आहेत. "अगं, ट्रेन दहा मिनिटांत पोचवते, तिकीट दीड युरोच्या आसपास," असा हिशेब मांडून ह्यांनी स्टेशनजवळचं हॉटेल घेतलं. रात्रीचे ९० युरो. हॉटेलला नावं ठेवायला खरंच जागा नाही. ऐसपैस खोली, लिफ्ट, न्याहारीला चार प्रकारचे ब्रेड. ट्रेनही दहा-बारा मिनिटांतच पोचते. बिनसलं ते घड्याळाशी.

पहिल्या सकाळी दहाला सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलो. समोर थेट ग्रँड कॅनॉल, पलीकडे हिरव्या घुमटाचं चर्च. स्टेशनच्या पायऱ्यांवर दोन मिनिटं कुणीच काही बोललो नाही. मग गर्दीत शिरलो. रिआल्तोच्या पुलावर दिवाळीआधीच्या रविवारी तुळशीबागेत असते तेवढी माणसं, सगळ्यांचे फोन वर. दुपारी दोनला पायांनी संप पुकारला. पडायला मेस्त्रेला जावं तर जाण्यायेण्यातच दीड तास. बाक शोधावा तर सापडत नाही, आणि सान मार्कोच्या चौकात पायऱ्यांवर टेकलं तर दंड. तसेच रखडत संध्याकाळपर्यंत हिंडलो. आठ वाजता ऊन तिरपं झालं, पाणी तांबूस झालं, गर्दी ओसरली, आणि नेमकं तेव्हा ह्यांनी मनगटाकडे पाहिलं. सूर्य मावळला तेव्हा आम्ही फलाटावर उभे होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्री मी म्हटलं, "अहो, आपण व्हेनिस बघायला आलोय की रोज तिथे कामाला जातोय? मग महिन्याचा पासच काढून टाका."

तिसऱ्या दिवशी सामान घेऊन गावात आलो. जागा कानारेजो भागात, ओर्मेझिनी नावाच्या कालव्याकाठाला लागून असलेल्या गल्लीत. रात्रीचे १६५ युरो. म्हणजे मेस्त्रेपेक्षा ७५ युरो जास्त, आपले साधारण सात हजार रुपये. ह्यांनी तो आकडा तीन वेळा मोठ्याने म्हणून दाखवला.

व्हेनिसमध्ये राहायची जागा निवडताना लोक विचारतात, सान मार्को किती लांब? माझ्या मते पहिला प्रश्न हवा, वाटेत पूल किती? या गावात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. रिक्षा नाही, टॅक्सी म्हणजे होडी, सायकलसुद्धा नाही. चाकाची बॅग प्रत्येक पुलावर उचलायची, पलीकडे उतरवायची. स्टेशनपासून आमच्या दारापर्यंत तीन पूल: गुल्येचा दगडी पूल, एक गेटोत (जुन्या ज्यू वस्तीत) शिरताना, एक गेटोतून बाहेर पडताना. तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यातल्या एकीत माझ्या नणंदेने दिलेला तिखटमिठाचा सरंजाम. तिसऱ्या पुलावर ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मोठी बॅग सांता लुचियावर सामान ठेवायची सोय आहे तिथे टाकून हातपिशवीवर आलो असतो तर बरं झालं असतं. ही अक्कल नंतरची.

पत्ता शोधताना मात्र पुणेकर नवरा उपयोगी पडला. गावाचे सहा भाग आहेत, सहा पेठाच म्हणा, आणि पत्ता म्हणजे पेठेचं नाव व घरनंबर. गल्लीचं नाव सांगायची पद्धत नाही, आणि शेजारच्या घराचा नंबर लगेच पुढचाच असेल याची हमी नाही. मी वैतागले. हे म्हणाले, "यात काय अवघड आहे? आमच्या सदाशिव पेठेत असंच असतं." पाच मिनिटांत दार सापडलं.

आता खोली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एकसष्ट पायऱ्या (मोजल्या). मालकीणबाई साठीच्या, त्याच इमारतीत खाली राहणाऱ्या. हे मी मुद्दाम बघून घेतलं होतं. १९५१ साली या बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची, आता पन्नास हजारही उरलेली नाहीत. घरं एकामागून एक पर्यटकांच्या खोल्या होत चालली आहेत. आपणही त्या गर्दीतलेच, पण निदान जिचं घर आहे ती बाई तिथे राहते अशा ठिकाणी पैसे द्यावेत, एवढंच आपल्या हातात. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून इटलीत अशा प्रत्येक जागेला सरकारी नोंदणीचा सीआयएन क्रमांक लागतो. जाहिरातीत तो दिसला नाही तर पुढे जा.

खोली लहान. बॅग उघडी ठेवली तर एकाने पलंगावर बसायचं. पण छताला जुन्या लाकडी तुळया, खिडकीला हिरव्या झडपा, आणि लादी अशी गार की मी तीन दिवस चप्पल घातली नाही. न्हाणीघरात शॉवरच्या खोक्यात कोपर आपटतं. बिडे (बसून धुवायचं छोटं भांडं) मात्र होता. इटलीत घराघरात तो असावा असा १९७५ पासून नियमच आहे, आणि युरोपात इतरत्र कागदावर दिवस काढलेल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. मच्छर आहेत. कालव्यांचं गाव, असणारच. ओडोमॉस घरून नेलं होतं.

पलंगाबद्दल तक्रार आहे. डबल म्हणून घेतलेला पलंग म्हणजे दोन सुट्या गाद्या शेजारी ठेवून वर एक चादर. मध्यरात्री फट पडायची. पंचवीस वर्षांचा संसार साजरा करायला गेलो आणि मधे चार बोटं दरी. पहिल्या रात्री ह्यांचा हात त्यात अडकला. दुसऱ्या दिवसापासून कपाटातल्या जादा पांघरुणाची वळकटी करून फटीत कोंबली. या गोष्टीसाठी एक तारा कापते आहे, पाचपैकी चार.

हे चार कशाचे, तर वामकुक्षीचे. सांगायला लाज वाटत नाही. एका दिवसासाठी येणारी गर्दी गावात अकरा ते चार असते. त्या वेळात आम्ही खोलीत झडपा ओढून झोपलेले. पाचला उठून, घरून नेलेल्या पुडीतला चहा करून (किटली होती, दूध कोपऱ्यावरच्या दुकानातून) खाली उतरलो की गाव हळूहळू मोकळं व्हायला लागलेलं असायचं. ओर्मेझिनीच्या काठावर माणसं स्प्रिट्झचे नारिंगी ग्लास घेऊन कठड्यापाशी उभी. शेजारच्या इमारतीतली आजी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून पाव वर घेते, हे मी आमच्याच खिडकीतून पाहिलं. गेटोच्या चौकात पोरं फुटबॉल खेळतात. जगभर वापरला जाणारा गेटो हा शब्द याच चौकाचा. १५१६ मध्ये ज्यू लोकांना इथे कोंडून ठेवलं, पसरायला जागा नाही म्हणून घरं वर वर चढत गेली. इतर ठिकाणी तीन-चार मजली असणारं गाव इथे सहा-सात मजली दिसतं.

आणि पहाट. एका दिवशी सहाला उठून चालत सान मार्कोला गेलो. चौकात आम्ही, खराटा घेतलेले दोन सफाईवाले आणि कबुतरं. आदल्या दिवशी ज्या चौकात धक्के खात उभी होते तो हाच, यावर विश्वास बसेना.

खिडकीचं सांगते. आमची खिडकी आतल्या चौकात उघडायची: दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, एक अंजिराचं झाड, समोरच्यांचा रेडिओ. कालव्याकडची खोली ६० युरोंनी महाग होती. निघायच्या आदल्या दिवशी ती रिकामी झाली तेव्हा मालकीणबाईंनी कौतुकाने दाखवली. दृश्य सुरेखच. पण खाली होडीतून पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट उतरत होते. या गावात ट्रक नाहीत, म्हणजे ट्रकचं सगळं काम होड्या करतात, आणि त्यांची इंजिनं सकाळी सहाला सुरू होतात. कचऱ्याची होडी, बांधकामाची होडी, धुण्याच्या कपड्यांची होडी. कालवा खिडकीतून बघायची वस्तूच नाही. दार उघडून वीस पावलं चाला, फुकट आहे. त्या ६० युरोंत दोघांचं मासळीचं जेवण होतं.

मासळीवरून आठवलं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे मासळीबाजार चुकवणं शक्यच नव्हतं. कानारेजोतून रिआल्तोच्या बाजाराला जायला सोपी युक्ती आहे: सांता सोफियाच्या धक्क्यावरून त्रागेत्तो, म्हणजे ग्रँड कॅनॉल ओलांडून देणारी साधी गोंडोला. माणशी २ युरो, दोन मिनिटांत पलीकडे. खऱ्या गोंडोलाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. ह्यांनी वाढदिवसाला कबूल केली आहे, बघू. बाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो. तिथे ओळखीचे पेडवे दिसले आणि भरून आलं. हे लोक ते तळून कांदा, व्हिनेगर, मनुका आणि चिलगोज्यासारख्या दाण्यांत मुरवतात. गोड-आंबट मासा म्हणून मी नाक मुरडलं होतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवला.

तिसऱ्या रात्री सान मार्कोत फ्लोरियान कॅफेबाहेर वाद्यवृंद ऐकला. १७२० पासूनचा कॅफे, बसलं तर कॉफीच्या बिलात संगीताचे पैसे वेगळे लागतात. आम्ही उभ्याने ऐकलं. अकराला घराकडे निघालो आणि वाट चुकलो. फोनवरचा नकाशा बोळांत भरकटतो. एक गल्ली धरून गेलो तर ती थेट पाण्यातच संपली, शेवाळलेल्या चार पायऱ्या आणि पुढे काळोख. कोरड्या पायरीवर बसलो. लांबून कुणाच्या तरी घरातली भांडी वाजत होती. बराच वेळ गेला. हे म्हणाले, "आता गाडी नाही ना चुकायची?" मी म्हटलं, "नाही." मग आणखी अर्धा तास बसलो.

दुसऱ्या भागांबद्दल थोडक्यात. दोर्सोदूरोत सांता मार्गेरिता चौकाच्या डोक्यावर खोली घेऊ नका, विद्यार्थ्यांचा गोंगाट उशिरापर्यंत चालतो. त्याच भागातला झात्तेरेचा काठ शांत आणि संध्याकाळी फार देखणा. जुदेक्काचं बेट गारेगार, पण प्रत्येक गोष्टीला वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस, आणि त्याचं एकेरी तिकीट ९.५० युरो. शरद किंवा हिवाळ्यात जाणार असाल तर तळमजला टाळा. भरतीचं पाणी गावात शिरू नये म्हणून २०२० पासून समुद्राला दरवाजे बसलेत खरे, पण ओल ती ओलच.

खर्चात धरायला विसरू नका: राहण्याचा कर माणशी दर रात्री वेगळा लागतो, आमच्याकडून तो रोख घेतला. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ किंवा १० युरो प्रवेशशुल्क आहे. रात्री राहणाऱ्यांना ते माफ, मात्र ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो. मालकीणबाईंनी आमचा आधीच पाठवला होता.

बुकिंगच्या आधी त्यांना एक मेल टाका. पूल किती, पायऱ्या किती, संध्याकाळी सातनंतर पोचलो तर किल्ली कोण देणार, आणि गादी एक की दोन. विचाराल त्याचं मालकीणबाई सरळ उत्तर देतात. गादीचं आम्हीच विचारलं नव्हतं.