दक्षिण आफ्रिकेची 'गुंतवणुकीतून पीआर': ८१,३०,६०० रुपये कसे गेले

दक्षिण आफ्रिकेत घर घ्या किंवा कंपनीत पैसे घाला, नव्वद दिवसांत कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, हातात, असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. असा परवाना त्या देशात नाही. परदेशी माणसाला तिथे जमीन-घर विकत घ्यायला मुळीच बंदी नाही, पण घराच्या मालकीने राहण्याचा हक्क मिळत नाही. एवढं एक वाक्य आधी कुणी स्पष्ट लिहिलेलं असतं, तर आमच्या घरातले पैसे वाचले असते.

गेलेली रक्कम अशी. 'कन्सल्टन्सी' म्हणून ३,८५,००० रुपये. 'गुंतवणूक' म्हणून १५ लाख रँड (तिथलं चलन), बँकेने लावलेल्या ४.७० च्या दराने ७०,५०,०००. 'सरकारी फी' म्हणून १,२०,००० रँड, म्हणजे ५,६४,०००. शेवटी 'फाईल पुढे सरकावी' म्हणून २८,००० रँड, म्हणजे १,३१,६००. एकूण ८१,३०,६०० रुपये. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ७ लाखांवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापते तो कर, कापला गेला तो वेगळा. तो विवरणपत्रात वजा मिळतो, बाकीचं नाही.

लगेच 'लोभ नडला' म्हणणाऱ्यांसाठी सांगते, कागद तपासले होते. ज्या कंपनीत पैसे घालायचे होते ती खरी होती. तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयात, म्हणजे सीआयपीसीमध्ये, तिचा क्रमांक सापडला आणि शेवटी खासगी कंपनीचा ०७ होता. मागितलेले कागदही खरेच लागणारे होते: पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी, म्हणजे पोलीस पडताळणीचा दाखला, वैद्यकीय दाखला, लग्नाचा दाखला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे गुणांवर आधारित नवी पद्धत आली, ती बातमीही खरी. फक्त ती नोकरीच्या व्हिसासाठी आहे, गुंतवणूकदाराशी तिचा संबंध नाही, हे एजंटने सांगितलंच नाही. या लोकांचं खोटं नव्वद टक्के खऱ्यात कालवलेलं असतं, म्हणून सावध माणूसही सापडतो.

आता कायदा. २००२ च्या इमिग्रेशन कायद्यात पैशाच्या जोरावर जाण्याचे रस्ते वेगळे आहेत आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत.

पहिला धंद्याचा, कलम १५. यात किमान ५० लाख रँड भांडवल लागतं आणि ते उपलब्ध आहे असं तिथल्या चार्टर्ड अकाउंटंटने लिहून द्यावं लागतं. तिथल्या व्यापार-उद्योग खात्याचं शिफारसपत्र लागतं. कामगारांपैकी ६० टक्के तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी हवेत. कर, बेरोजगार विमा आणि अपघात भरपाई निधीची नोंदणी करावी लागते. एवढं करून मिळतो तो मुदतीचा व्हिसा, फार तर तीन वर्षांचा. कायमच्या परवान्याचा अर्ज कलम २७(सी)खाली वेगळा.

दुसरा रस्ता आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र माणसाचा, कलम २७(एफ). यात १ कोटी २० लाख रँडची निव्वळ मालमत्ता दाखवायची असते. ती तिथे गुंतवावीही लागत नाही. अर्ज मंजूर झाला तर १,२०,००० रँड भरायचे, तेही तिथल्या गृहखात्याला.

आता वरचे आकडे पुन्हा वाचा. आमच्याकडून धंद्याच्या रस्त्याची गुंतवणूक घेतली आणि दुसऱ्या रस्त्याची १,२०,००० ची फी. एकाच फाईलवर दोन्ही! धंद्याच्या रस्त्याला ही फी नाहीच. आणि ज्या रस्त्याला आहे, तिथे ती मंजुरीनंतर. आमच्याकडून ती अर्ज करण्याआधी, रुपयांत, इथल्या एका खासगी कंपनीच्या चालू खात्यात भरून घेतली. परक्या सरकारची फी इथल्या चालू खात्यात कशी जाईल? तो क्षण आठवला की आजही रात्रभर डोळा लागत नाही. पण त्या दिवशी समोर छापील पावती होती, कलमाचा क्रमांक बरोबर होता, रक्कमही कायद्यातली होती. कायद्यातलीच रक्कम समोर आल्यावर सामान्य माणसाने संशय कशाचा घ्यायचा?

५० लाखांच्या जागी १५ लाख का, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. काही क्षेत्रांत, शेतमाल प्रक्रिया त्यातलं एक, भांडवलाची अट खाली आणता येते. हे खरं आहे. म्हणून दाखवलेला प्रकल्प तिथल्या म्बोम्बेला शहराजवळच्या मॅकाडेमिया या सुक्या मेव्याच्या प्रक्रियेचा होता, आणि तो भाग मॅकाडेमियाचा आहेच. पण ती सूट व्यापार-उद्योग खात्याच्या शिफारशीवर मिळते, एजंटच्या शब्दावर नाही. ते पत्र हातात आल्याशिवाय एक रँड पाठवू नका. 'पत्र प्रक्रियेत आहे' याचा अर्थ पत्र नाही.

सीआयपीसीवर संचालक म्हणून नाव दिसलं की लोक निर्धास्त होतात. त्या नोंदीत संचालक दिसतात, भागधारक नाही. सोसायटीचा सेक्रेटरी झाला म्हणून इमारत त्याच्या नावावर होत नाही, तसंच हे. मालकी ठरते भागधारकांच्या नोंदवहीवर आणि शेअर सर्टिफिकेटवर. परदेशी माणसाच्या सर्टिफिकेटवर तिथल्या अधिकृत बँकेचा 'अनिवासी' शिक्का लागतो. तो नसेल तर उद्या शेअर विकूनही पैसा देशाबाहेर काढता येत नाही. आमच्याकडे आलं ते रंगीत प्रिंटआउट होतं. शिक्का नाही.

पैसे वकिलाच्या ट्रस्ट खात्यात सुरक्षित राहतील, असंही सांगतात. त्या वकिलाचं नाव तिथल्या लीगल प्रॅक्टिस कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः पाहा आणि चालू वर्षाचं फिडेलिटी फंड सर्टिफिकेट मागा. त्या सर्टिफिकेटशिवाय वकिलाला ट्रस्टचा पैसा हाताळता येत नाही. इमिग्रेशन एजंटांची सरकारी नोंदणी मात्र त्या देशाने २०१४ मध्येच बंद केली, त्यामुळे 'आम्ही रजिस्टर्ड प्रॅक्टिशनर' म्हणणारा पहिल्याच वाक्यात खोटं बोलतोय.

बोटांचे ठसे. अर्जदाराला व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात स्वतः जावं लागतं, ठसे द्यावे लागतात, पावती मिळते आणि तिच्या क्रमांकावर अर्ज कुठे आहे ते दिसतं. 'तुम्हाला यायची गरज नाही, आमचा माणूस करतो' हे ऐकलं की समजा, अर्ज गेलेलाच नाही.

आता बँकेचं. एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. परदेशी कंपनीच्या, शेअर बाजारात न नोंदलेल्या शेअरमध्ये पैसे घालायचे तर २०२२ च्या नियमांप्रमाणे फॉर्म एफसी भरून, आधी युनिक क्रमांक घेऊन मगच रक्कम जाते. एजंटने पैसे पाठवण्याच्या फॉर्म ए-२ वर कारणाचा कोड घातला एस१३०१, म्हणजे कुटुंबाचा निर्वाह! 'सोपं पडतं, सगळे असंच करतात.' काउंटरवरच्या माणसाने विचारलंही नाही की सत्तर लाखांचा निर्वाह कुणाचा? एका चेकवर सही जुळली नाही तर तीन वेळा परत पाठवणारी बँक इथे पाच मिनिटांत मोकळी झाली. नंतर तक्रार केल्यावर उत्तर आलं, 'फॉर्मवर सही तुमची आहे.' स्विफ्ट रिकॉलची, म्हणजे पाठवलेली रक्कम परत बोलावण्याची, विनंती पाठवा म्हटलं तर ते काय असतं हे शाखेत कुणाला माहीत नव्हतं. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तीच एक आशा असते. लेखी मागा, पोच घ्या.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, 'पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले ना? मग सिव्हिल मॅटर.' दुसरीकडे, 'गुन्हा आफ्रिकेत घडला, तिकडे जा.' करार इथे झाला, पैसे इथून निघाले, दोन रकमा तर इथल्याच खात्यात जमा झाल्या, मग गुन्हा आफ्रिकेत कसा घडला? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०२ दाखवलं, फोन-ईमेलवरून झालेल्या फसवणुकीत रक्कम जिथून गेली किंवा जिथे पोचली तिथे तपास करता येतो असं ते स्पष्ट सांगतं. कागद वाचलासुद्धा नाही. उलट विचारलं, 'रुपयांत परदेशी फी भरलीत, फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, केस तुमच्यावरच का करू नये?' लुटलेल्या माणसाला ठाण्यात बसवून घाबरवायचं आणि ज्याचा खाते क्रमांक, पत्ता, पॅन समोर आहे त्याला साधा फोनही करायचा नाही! परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. गुंतवणुकीचं आमिष दाखवणारा त्यात बसत नाही, म्हणून त्या खात्यानेही हात वर केले. भारत आणि दक्षिण आफ्रिकेत २००३ साली प्रत्यार्पण आणि फौजदारी मदतीचे करार झाले आहेत. पण ते वापरायला आधी गुन्हा नोंदवावा लागतो, आणि सगळं अडतं तिथेच.

म्हणून तोंडी बोलत बसू नका. न्याय संहितेच्या कलम ३१८(४)चा उल्लेख करून लेखी तक्रार द्या, नाही घेतली तर पोस्टाने अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, तरीही नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३)खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. इथल्या खात्यात गेलेल्या रकमेसाठी त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. रक्कम खात्यातून पुढे निघून गेली की गोठवायला काही उरत नाही.

आणि ज्यांच्या हातात असं 'पीआर सर्टिफिकेट' आलेलं आहे त्यांनी ते घेऊन विमानात बसू नये. बनावट परवाना जवळ सापडला की तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २९ खाली माणूस 'प्रतिबंधित व्यक्ती' ठरतो. त्यानंतर खरा पर्यटक व्हिसासुद्धा मिळत नाही. तो शिक्का उठवायला गृहखात्याकडे सबळ कारण देऊन वेगळा अर्ज करावा लागतो. सर्टिफिकेट खरं आहे का, हे प्रवासाआधी गृहखात्याकडूनच लेखी तपासून घ्या. एजंटने दिलेल्या नंबरवर फोन करून नाही, तो नंबर त्याच्याच माणसाचा असतो. बनावट ठरलं तर फाडू नका. मूळ प्रत, पाकीट, कुरियरची पावती आणि सगळे मेसेज तारखेसकट जपून ठेवा. गुन्हा नोंदवताना आमच्याकडे पहिल्यांदा तेच मागितलं गेलं.