इंदुरात यकृतातील लोह मोजणारा एमआरआय : एका केंद्राच्या सेवेविषयी

माझ्या भाचीला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसे निरोगी रक्त न बनण्याचा जन्मजात आजार आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावे लागते आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात येते. ते बाहेर टाकण्याची नैसर्गिक वाट शरीराकडे नसल्याने ते यकृतात, हृदयात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठत जाते. हे लोह काढणाऱ्या गोळ्या ती रोज घेते. गोळीची मात्रा कमी पडली तर हृदयाला धोका, जास्त झाली तर मूत्रपिंडाला. म्हणून वर्षातून एकदा यकृत आणि हृदय यांतील लोह एमआरआयने मोजून घेण्याचा सल्ला तिच्या डॉक्टरांनी दिलेला आहे. रक्तातील फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) आम्ही पाहतोच, पण साध्या तापानेही ते वाढते, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

आधीची तीन वर्षे ही तपासणी १.५ टेस्लाच्या यंत्रावर झाली होती (टेस्ला हे यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजण्याचे एकक). यंदा ते यंत्र दुरुस्तीसाठी बंद असल्यामुळे आम्ही इंदुरातल्याच दुसऱ्या एका खाजगी केंद्रात ३ टेस्लाच्या यंत्रावर गेलो. पहिल्या अहवालात गंभीर चूक झाली आणि नंतर केंद्राने ती नीट दुरुस्तही केली, म्हणून मी केंद्राचे नाव येथे लिहीत नाही. मात्र काय घडले ते सविस्तर लिहिते, कारण आपल्या शहरात अशी तपासणी करून घेणाऱ्या कुटुंबांना ते उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल तक्रार नाही. ना सुई, ना इंजेक्शन, ना क्ष-किरण. यंत्रात एकूण पंचवीस मिनिटे गेली आणि त्यातला यकृताचा भाग तर एका श्वासात उरकला. तंत्रज्ञ मुलगी प्रत्येक वेळी “सांस रोकिए” म्हणण्याआधी किती सेकंद रोखायचा आहे तेही सांगत होती. त्यामुळे भाची घाबरली नाही आणि चित्रे हलली नाहीत. खर्च पोटाच्या साध्या एमआरआयपेक्षा थोडा जास्त आला. अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला.

अहवालात यकृताचा आर२-स्टार (लोहाबरोबर वाढणारा एक आकडा, तो पुढे समजावते) दर सेकंदाला ५२० आणि लोहाचे प्रमाण कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे १३.४ मिलिग्रॅम असे लिहिले होते. मागील वर्षी हेच आकडे २७० आणि ७.१ असे होते. माझा भाऊ अहवाल हातात घेऊन बराच वेळ गप्प बसला. वर्षभर एकही गोळी न चुकवता लोह जवळपास दुप्पट कसे झाले, हे त्याला कळेना. गोळीची मात्रा वाढवावी लागणार, हे त्याने मनाशी जवळजवळ ठरवूनही टाकले होते.

मी तीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. हा आकडा यंत्र थेट मोजत नाही, तो काढावा लागतो, एवढे मला ठाऊक होते. कसा काढतात ते थोडक्यात सांगते. शरीरातील पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजनचे प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखे फिरतात. रेडिओ लहरीचा धक्का दिला की क्षणभर ते सगळे एका तालात येतात आणि त्यांचा एकत्रित संकेत यंत्राला मिळतो. गणेशोत्सवातले लेझीम पथक सुरुवातीला एका ठेक्यावर असते, पण प्रत्येकाचा वेग तसूभर वेगळा असेल तर हळूहळू ताल विस्कटतो. तसाच हा संकेतही विरत जातो. तो विरण्याचा काळ म्हणजे टी२-स्टार, आणि त्याचा व्यस्त म्हणजे आर२-स्टार. पेशींत साठलेले लोह हे जणू असंख्य बारीक चुंबकांचे काम करते, आजूबाजूचे क्षेत्र असमान करते आणि ताल लवकर मोडते. लोह जितके जास्त, तितका संकेत लवकर विरतो. ऊतीची घडण तिच्या विश्रांतिकाळावरून, म्हणजे धक्क्यानंतर प्रोटॉन मूळ स्थितीत येण्याच्या काळावरून, ओळखता येईल ही कल्पना मुळात एमआरआयच्या चित्रांहूनही जुनी आहे : रेमंड डमाडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींतील आणि निरोगी ऊतींतील हे काळ वेगळे असल्याचे दाखवले, तर पॉल लॉटरबर यांचे पहिले चित्र १९७३ चे आहे.

आता चूक कोठे झाली ते पाहू. एकाच यकृताचा, तितक्याच लोहाचा आर२-स्टार ३ टेस्लाच्या यंत्रावर १.५ टेस्लाच्या तुलनेत जवळपास दुप्पट येतो, कारण क्षेत्र जितके प्रबळ तितके लोहाचे कण आसपासचे क्षेत्र अधिक बिघडवतात. आर२-स्टारवरून लोहाचे प्रमाण काढण्यासाठी जे सूत्र सर्वाधिक वापरले जाते, ते २००५ मध्ये १.५ टेस्लावर, यकृताच्या तुकड्यांशी पडताळून ठरवलेले आहे : आर२-स्टारला ०.०२५४ ने गुणायचे आणि ०.२०२ मिळवायचे. अहवालातील ५२० हा आकडा मी या सूत्रात घालून पाहिला आणि उत्तर नेमके १३.४ आले. म्हणजे मोजमाप ३ टेस्लाचे आणि सूत्र १.५ टेस्लाचे. योग्य सूत्राने तेच मोजमाप सव्वासातच्या आसपास येते, म्हणजे मागील वर्षीइतकेच.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले. स्वागतकक्षातील मुलाने आधी “आंटी, रिपोर्ट डॉक्टर ने ही बनाई है” असे सांगून मला परत पाठवण्याचा प्रयत्न केला. मात्र रेडिऑलॉजिस्ट स्वतः बाहेर आले, माझ्या आकडेमोडीचा कागद त्यांनी शांतपणे वाचला आणि अर्ध्या तासात मान्य केले की संगणकातील तक्त्यात १.५ टेस्लाचे सूत्र राहून गेले होते. दोन दिवसांत दुरुस्त अहवाल आला. त्यात यंत्राचे क्षेत्र किती टेस्लाचे, कोणते सूत्र वापरले आणि यकृताच्या कोणत्या भागातून आकडा घेतला, हे सारे लिहिलेले होते. चूक लपवण्याचा प्रयत्न झाला नाही, याची मी या केंद्राच्या खात्यात मोठी जमा मांडते.

मी मूळ चित्रांची सीडीही मागून घेतली आणि ती त्यांनी विनामूल्य दिली. घरी संगणकावर प्रत्येक प्रतिध्वनीच्या, म्हणजे धक्क्यानंतर ठरावीक काळाने टिपलेल्या संकेताच्या, चित्रात, मोठ्या रक्तवाहिन्या टाळून, यकृताच्या एकाच जागेची सरासरी तीव्रता वाचली आणि अर्ध-लॉग आलेखकागदावर (त्यावर असा विरणारा संकेत सरळ रेषेत दिसतो) पेन्सिलीने ठिपके मांडले. पहिले पाच-सहा ठिपके जवळजवळ सरळ रेषेत आले आणि तिच्या उतारावरून टी२-स्टार १.९ मिलिसेकंद निघाला, म्हणजे अहवालातला ५२० बरोबरच होता. पुढचे ठिपके मात्र आडवे झाले. इतक्या लोहात सहाव्या मिलिसेकंदापर्यंत संकेताचा विसावा हिस्साही उरत नाही. त्यानंतर यंत्र फक्त गोंगाट, म्हणजे यंत्रातली निरर्थक खरखर, मोजत असते आणि तीव्रतेच्या चित्रात गोंगाट कधी शून्याखाली जात नाही. हे आडवे ठिपके धरून कोणी वक्ररेषा बसवली तर संकेत हळू विरतो आहे असा भास होतो, टी२-स्टार लांबतो आणि लोह प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. माझ्या मते हा दोष सूत्राच्या चुकीहूनही घातक आहे, कारण तो रुग्णाला खोटा दिलासा देतो, आणि तोही ज्याच्या यकृतात सर्वांत जास्त लोह आहे त्यालाच. या केंद्राने शेवटचे ठिपके वगळून रेषा बसवली होती. हे काम त्यांनी उत्तम केले आहे आणि ते स्पष्टपणे सांगायला हवे.

चरबीबद्दलही थोडे. यकृतात चरबी असेल तर तिचे प्रोटॉन पाण्यापेक्षा किंचित वेगळ्या वेगाने फिरतात आणि ३ टेस्लावर साधारण दर २.३ मिलिसेकंदांनी दोन्हींचे संकेत एकत्र येऊन वाढतात, मधल्या काळात एकमेकांना कापतात. त्यामुळे उतरत्या रेषेवर लाटा उमटतात. या केंद्राच्या गणितात चरबी वेगळी धरलेली आहे आणि तिचा हिस्सा टक्क्यांत अहवालात येतो. भाचीचा ३ टक्के आला. सोनोग्राफीच्या “ग्रेड १, ग्रेड २” या मोघम शब्दांपेक्षा हा आकडा डॉक्टरांना कितीतरी उपयोगी असतो, कारण साधारण ५ टक्क्यांच्या वर तो गेला की यकृतात चरबी जमू लागली असे मानतात.

हृदयाचा भाग मला पटला नाही. हृदयातील लोहासाठी २० मिलिसेकंद ही जी मर्यादा जगभर वापरतात, ती लंडनमधील डॉक्टरांनी २००१ मध्ये १.५ टेस्लावर घालून दिली : २० च्या खाली लोह साठले आहे असे समजायचे. १० च्या खाली हृदय निकामी होण्याचा धोका मोठा मानतात. ३ टेस्लावर हृदयाचा टी२-स्टार स्वभावतःच कमी येतो, शिवाय फुप्फुसातील हवेमुळे हृदयाच्या कडेची चित्रे विस्कटतात. भाचीचा आकडा १५ आला होता आणि पहिल्या अहवालात तो २० च्या मर्यादेशी लावून “सौम्य लोहसाठा” असा शेरा मारला होता. दुरुस्त अहवालात तो शेरा मागे घेऊन हृदयाची मोजणी १.५ टेस्लावर पुन्हा करावी असे लिहिले आहे. ही सूचना तपासणीच्या आधी, नाव नोंदवतानाच मिळायला हवी होती, म्हणजे हृदयासाठी घेतलेले जास्तीचे पैसे आणि मधल्या दिवसांची काळजी दोन्ही वाचले असते.

यकृतासाठी मी भाचीला पुढच्या वर्षीही येथेच आणीन आणि अहवाल घेताना टेस्ला, सूत्र आणि वक्ररेषेचा आलेख या तीन गोष्टी मागूनच घेईन. यंदा आलेख दोनदा विचारल्यावर मिळाला. यकृताचा तुकडा काढून तपासण्यात सुई टोचावी लागते आणि त्यात यकृताचा सुमारे पन्नासहजारावा भागच हाती येतो, म्हणून ही तपासणी आपल्या शहरात, एका श्वासात होते याचे मोल मला फार वाटते. हृदयासाठी आम्ही १.५ टेस्लाच्या जुन्या यंत्रावर पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे. ते यंत्र आता पुन्हा सुरू झाले आहे. सीडी आणि आलेखकागद दोन्ही मी बरोबर नेणार आहे.